जीव हाय, वाट द्या!

आमच्या मंडळाची मालमत्ता म्हणजे एक खाट. बाकीच्या मंडळांकडे ढोल असत, लेझमा असत, गणपतीचा मांडव असे. आमच्याकडे बाभळीच्या लाकडाची, नवारीनं विणलेली, चारी टोकांना हातभर दांडे काढलेली एक खाट, बस्स. या खाटेपायी मी आयुष्याची सव्वीस वर्षं घालवली आणि त्यातल्या एका दिवसाचाही मला पस्तावा नाही. खोटं कशाला बोलू, एका दुपारचा आहे. ती दुपार आठवली की अजून माझे कान तापतात आणि हसूही येतं.

तेव्हा सोलापुरात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे टांगा. ज्याला टांग्यात बसता येतं त्याचं ठीक. पण पाय मोडलेल्यानं काय करायचं? अडलेल्या बाईनं काय करायचं? पेठांतल्या बोळात टांगा शिरत नसे आणि शिरला तर मागं फिरत नसे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत जखमी शिपायांची स्ट्रेचरं उचलून आलेले एक कंपाउंडर आमच्या पेठेत राहत. त्यांनी एके दिवशी तालमीत येऊन सांगितलं, "जोर-बैठका मारून दंड फुगवताय, ते दंड कुणाच्या उपयोगाला तरी येऊ द्या की!" बोलणं झोंबलं आणि आम्ही सोळा जण पुढं झालो. मी शाळामास्तर. माझा जोडीदार पूर्व भागातला एक तेलुगू विणकर, आमच्या दोघांच्या उंचीत बोटभरसुद्धा फरक नाही म्हणून आमची जोडी लागली. खाटेची नवार त्यानंच स्वतःच्या हातानं विणलेली. एक शिंपी होता, आणि एक टांगेवाला होता. टांगेवाल्याला आम्ही म्हणायचो, "तू आमच्यात येऊन स्वतःच्याच पोटावर पाय देतोस." तो म्हणे, "घोडा थकता, मैं नहीं थकता."

पण चौघांनी मिळून माणूस उचलायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच काही येतं. पहिल्याच खेपेला एका म्हातारीनं आम्हांला उंबऱ्यावरूनच हाकललं. "मी अजून जित्ती हाय, मुडद्यांनो! चौघं चौघं काय येताय?" तेव्हा कंपाउंडरकाकांनी ठरवलं की खाट खांद्यावर घ्यायचीच नाही. विणकरानं नवारीचेच रुंद पट्टे करून दिले. ते गळ्यात अडकवायचे आणि दांडे हातात धरून खाट कमरेच्या उंचीनं न्यायची. प्रेताला वाटेत विसावा देतात, म्हणून आमच्या खाटेला वाटेत विसावा नाही. हात बदलायचे ते चालता चालता. आणि पुढच्यानं सारखं ओरडत राहायचं: "जीव हाय, वाट द्या!"

हे ओरडायचं काम टांगेवाल्याकडं. त्याचा गळा आधीच तयार होता. मराठीत झालं की कानडीत, "दारी बिड्री!" मग विणकर मागून तेलुगूत, "दारी इय्यंडी!" कंगव्यानं भांग पाडावा तसा नव्या पेठेतल्या गर्दीत भांग पडायचा. दुकानदार गादीवरून उठून उभे राहत. सायकलवाले उतरत. वर्षा-दोन वर्षांत असं झालं की आमची हाक ऐकली की भांडणारी माणसंही भिंतीला चिकटून उभी राहायची आणि खाट गेली की पुन्हा पहिल्यापासून भांडायची.

रिकामी खाट परत आणताना मात्र चकार शब्द काढायचा नाही आणि रस्त्याच्या कडेनं यायचं. एकदा शिंप्याला घरी जायची घाई होती. त्यानं रिकाम्या खाटेपुढं हाक दिली. कंपाउंडरकाकांना ते कळलं आणि त्यांनी त्याला महिनाभर खाटेला हात लावू दिला नाही. "आज खोटं वरडलास, तर उद्या खऱ्याला कोण वाट दील?" शिंपी तालमीच्या पायरीवर बसून रडला होता.

चालायची रीतही त्यांनी लढाईतून आणलेली. पुढच्यांचा डावा पाय पडला की मागच्यांचा उजवा पडायला हवा, म्हणजे खाट झुलत नाही. ही गोष्ट अंगात इतकी मुरली की संध्याकाळी आम्ही तळ्यावर फिरायला निघालो तरी कुणी पुढं, कुणी मागं, आणि पाय उलटे. लोक हसत. रोग्याचं डोकं नेहमी पुढं ठेवायचं. त्यामुळं मागच्या जोडीला रोग्याचा चेहरा दिसतो, आणि तिथंच चुकायचा धोका. "त्वांडाकडं बगायचं न्हाय," काका बजावत, "म्होरल्याच्या टाचंकडं बगायचं. त्वांडाकडं बगितलं की पाय चुकतो." विणकर आणि मी मागची जोडी. बारा वर्षं मी टाचा बघितल्या. सोलापुरातल्या निम्म्या लोकांना मी खाटेवरून नेलं असेन, पण त्यांचे चेहरे मला विचारू नका.

आणि दवाखान्यात रोगी उतरवला की पाठ फिरवायची. तिथं थांबायचं नाही, चौकशी करायची नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. थांबलं की घरचे हात जोडतात, चहा आणायला पळतात, उपकार होतात. शिवाय दुसरा कुणी खोळंबलेला असेल. सरळ तालमीत यायचं, मागच्या विहिरीवर खाट धुवायची, उन्हात उभी करायची. या रीतीचा आम्हांला काय अभिमान होता म्हणून सांगू! छाती फुगायची.

माझ्या बायकोला मात्र ही रीत बिलकूल पसंत नव्हती. ती खाटेला सवत म्हणायची. मी घरी आलो की विचारायची, "आलात का?" मी म्हणायचो, "खाट धुऊन आलो." की लगेच पुढचं, "कोण होतं? कसं आहे आता?"

"मला काय माहीत? आमचं काम पोचवायचं."

"पोचवलं म्हणजे संपलं?"

"मग काय उशाशी बसू?"

यावर ती भाकरी अशी थापायची की आवाज शेजारी जावा. आमचं पहिलं मूल घरीच, जन्मताच गेलं होतं. सुईण होती, माझी आत्या होती, पण जे व्हायचं ते झालं. त्यानंतर चार वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. या खेपेला काही झालं तर ती राहणार नाही, असं मला आतून वाटत होतं. बोललो मात्र नाही. मास्तर माणूस, वर्गात बोलतो तेवढंच बोलतो.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेल्यानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष. संक्रांत आली, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली, आणि अक्षतेच्या, म्हणजे देवाच्या लग्नाच्या दिवशी पहाटेच तिला कळा सुरू झाल्या. अख्खं गाव पांढऱ्या बाराबंद्या घालून सिद्धेश्वराकडं निघालेलं. सूर्य डोक्यावर आला तशी सुईण बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता. "मास्तर, लेकरू आडवं हाय. ह्ये माज्या हातचं न्हाय. दवाखान्यात न्या, आन् लई बिगी न्या."

मी अनवाणी तालमीत पळालो. मंडळी सगळी गड्ड्यावर. खाटेजवळ काका, विणकर, टांगेवाला आणि शिंपी. म्हणजे उचलायला तिघं, आणि चौथा मी. काकांचं वय झालं होतं, ते हल्ली खाट उचलत नसत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी धरणार?"

"दुसरं आहे कोण?" मी पट्टा गळ्यात अडकवलासुद्धा.

तिला खाटेवर घेतलं. डोकं पुढं. माझ्या समोर तिचा चेहरा. एकदाच नजर गेली. तिनं पदर दातात धरला होता आणि ती माझ्याकडंच बघत होती. पाय चुकेल म्हणून मी झटकन खाली बघितलं, शिंप्याच्या टाचेकडं. भेगाळलेली, चुना लागलेली टाच. ती टाच मी आजही ओळखेन.

आणि मग आम्ही जे निघालो! बोळातून बाहेर पडलो तर समोर माणसांची भिंत. मिरवणुकीतल्या उंच काठ्या माणसांच्या वर डुलत होत्या, वाजंत्री घुमत होती. टांगेवाल्यानं असा आवाज लावला की वाजंत्रीवाले थबकले. "जीव हाय, वाट द्या! बाई अडलीया, वाट द्या! दारी बिड्री!" पांढऱ्या बाराबंद्या दोन्ही बाजूंना सरकल्या. कुणी लेकरं उचलली, कुणी हात आडवे करून मागची गर्दी थोपवून धरली. एका म्हाताऱ्यानं खाटेवर मूठभर अक्षता टाकल्या. आमचे पाय असे पडत होते, डावा-उजवा, डावा-उजवा, की खाटेवर पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी सांडला नसता. मागं आत्या आणि सुईण धावत होत्या. पण आमच्यामागं गर्दी पुन्हा मिटली आणि त्या दोघी पलीकडंच अडकल्या. आम्हांला ते कळलंही नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला बाकावर उतरवलं तेव्हा मला वाटलं, अशी देखणी खेप आपण आजवर केली नाही. एकदाही पाय चुकला नाही, एकदाही खाट टेकली नाही. टांगेवाला धापा टाकत "उचला" म्हणाला. आम्ही चौघांनी रिकामी खाट उचलली, वळलो आणि निघालो.

हो. मीही निघालो.

रस्त्याच्या कडेनं, नियमाप्रमाणं तोंड मिटून, उलटी पावलं टाकत मी तालमीत आलो. रिकाम्या खाटेबरोबर बोलायचं नसतं, म्हणून कुणी कुणाशी बोललं नाही. पुढचे दोघं मागं बघत नसतात. विणकर माझ्या शेजारी होता, पण त्याच्याही अंगात बारा वर्षं मुरलेली. माझ्या मनात काय चाललं होतं विचाराल तर सांगतो: खाटेवर अक्षता पडल्यात, त्या धुताना नवारीत अडकतील. एवढंच. पोहरा विहिरीत सोडला, भरून काढला आणि मी खाटेवर ओतला.

कंपाउंडरकाका तालमीतून बाहेर आले. त्यांनी खाटेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अवो मास्तर, तुमी हितं काय करताय?"

माझ्या हातातून पोहरा निसटला आणि धाडकन विहिरीत गेला. विणकरानं कपाळावर हात मारला. मला आठवतं, मी आधी हसलो. खरंच हसलो. मग मी रस्त्याकडं धावत सुटलो. काकांनी सदऱ्याला धरून मागं ओढलं.

"कुटं पळताय? त्या गर्दीत तुमाला कोण वाट दील?"

"ओरडत जातो!"

"एकट्या मानसाच्या वरडन्याला कोन इचारतंय? खाट उचला रं!" ते तिघांवर खेकसले.

"काका, खाट रिकामी हाय," शिंपी कळवळून म्हणाला. "रिकाम्या खाटंफुडं वरडू कसं?"

काका माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी जित्ते हाय का न्हाय?"

"आहे."

"मग पडा."

मी त्या ओल्या खाटेवर आडवा पडलो. चौथा दांडा काकांनी स्वतः धरला, साठीच्या घरातल्या माणसानं. ते आमच्यापेक्षा वीतभर बुटके, त्यामुळं खाट एका कोपऱ्यात कलली आणि मी घसरत राहिलो. मी दोन्ही हातांनी नवार धरून ठेवली. "जीव हाय, वाट द्या!" टांगेवाल्याचा गळा बसला होता, तरी तो ओरडत होता. पुन्हा तीच गर्दी, पुन्हा तोच भांग. कुणीतरी ओळखलं. "अरं, मास्तरास्नी काय झालं?" "आत्ता तर धडधाकट व्हते की!" मी टोपी तोंडावर ओढली.

टोपीखालून मला पहिल्यांदा कळलं की खाटेवरून काय दिसतं. आभाळ दिसतं, आणि मागच्या दोघांची तोंडं. दुसरं काही नाही. इतकी वर्षं ज्यांना मी नेलं त्यांना माझं तोंड दिसत होतं, आणि मी टाचा बघत होतो. मघाशी तिलाही तेच दिसलं असणार. मी टोपी बाजूला केली. विणकर माझ्याकडं बघत होता. सरळ तोंडाकडं. नियम मोडून तो सारखा मान हलवत होता आणि म्हणत होता, "मास्तर, भिऊ नका. मास्तर, भिऊ नका." त्याचे पाय साफ चुकत होते. खाट बैलगाडीसारखी हिंदकळत होती आणि मला रडू फुटलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर असतानाच नर्सबाईंचा आवाज ऐकला. "या बाईचं माणूस कोण? अहो, या बाईचं माणूस कोण आहे का नाही?" कितव्यांदा विचारत होत्या कोण जाणे. मी खाटेवरून उडी मारली. "मी! मी आहे!"

डॉक्टर दारातच उभे होते. मूल आतल्या आत फिरवून काढावं लागणार होतं, नाही साधलं तर पोट उघडावं लागणार होतं, आणि त्यासाठी घरच्या माणसाची परवानगी हवी होती. ते माझीच वाट बघत होते. "इतका वेळ कुठं होता?" त्यांनी विचारलं. मी कागदावर सही केली. अक्षर असं आलं की वर्गातल्या पोराला त्यासाठी छडी दिली असती.

तिला आत नेत होते. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. मी वाकलो. माझ्या सदऱ्यातून तिच्या हातावर पाणी ठिबकलं. तिनं हाताकडं बघितलं, मग माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडं, आणि त्या तसल्या कळांतही तिनं विचारलं,

"आलात का खाट धुऊन?"

दार बंद झालं.

मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. तोंड लपवायला जागा नव्हती. चौघं निघून जातील असं वाटलं होतं, पण काका आधी माझ्याशेजारी बसले आणि मग बाकीचे बसले. खाट अंगणात तशीच तिरकी पडून होती. विणकर हळूच म्हणाला, "काका, खाट?" काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे वली." गड्ड्यावरून मंडळातली आणखी माणसं येत गेली, कुणी सांगितलं होतं देव जाणे. आत्या आणि सुईणही पोचल्या. मंडळाच्या बारा वर्षांत त्या पायऱ्यांवर आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो. कुणाला तिथं कसं बसायचं हेही कळत नव्हतं. सगळे आखडून बसलेले.

आणि मग आतून एक ट्यांहा आला. बारीकसा, चिडलेला. नर्सबाईंनी दार किलकिलं केलं. "मुलगी. दोघी ठीक आहेत." टांगेवाला उठून उभा राहिला. आनंद झाला की काय ओरडायचं हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, त्याच्या गळ्यात एकच हाक होती. बसलेल्या आवाजात तो ओरडला, "जीव हाय! जीव हाय!" विणकर तेलुगूत "आडपिल्ला, आडपिल्ला" म्हणत मला मिठी मारून नाचत होता. शिंपी पुन्हा रडत होता. मी कुणाकुणाच्या पाया पडलो ते आठवत नाही. बहुधा नर्सबाईंच्याही पडलो.

बारशाला मंडळाचे सगळे जण आले. विणकरानं पाळण्याला नवार विणून आणली होती. हसणं-खिदळणं चाललं होतं, माझी टर उडवणं चाललं होतं. तेवढ्यात बायको लेकीला मांडीवर घेऊन काकांपुढं बसली. ती थोरांपुढं कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"काका, मी त्या बाकावर एकटी होते. माझं माणूस कोण म्हणून विचारत होत्या, आणि मला तोंडातून शब्द काढवत नव्हता. माझं माणूस निदान परत तरी आलं. तुम्ही इतकी माणसं तिथं ठेवून आलात. त्यांतल्या कितीजणांना कुणीच नसेल?"

काकांनी पाळण्याची दोरी हातात धरली. मग म्हणाले, "पोरी, बसऱ्याला येळ नव्हता गं. हितं व्हता. आमी चुकलो."

तिथंच ठरलं. घरच्या माणसानं खाट धरायची नाही. आणि चौघांतल्या एकानं मागं थांबायचं, रोग्याचं कुणी येईपर्यंत, किंवा आतून खबर येईपर्यंत. पहिला कोण थांबणार, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

पुढच्याच आठवड्यात एका गिरणी कामगाराला नेलं. परगावचा म्हातारा, खोलीवर एकटाच राहणारा. यावेळी मी टाचेकडं बघितलं नाही. त्याच्या डाव्या भुवईवर जुना व्रण होता, आणि तो सारा रस्ता माझ्याकडं बघत होता. त्याला उतरवला, तिघांनी खाट उचलली आणि ते वळले. माझे पाय त्यांच्याबरोबर निघालेच होते. मी ते दाबून धरले. बाकाच्या टोकाशी टेकलो. थोड्या वेळानं नर्सबाई आल्या आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "ह्यांचं माणूस कोण?"

मी उठून उभा राहिलो.